पाहुण्या पाखरांचे आपण काय लागतो?



आमच्या वयाची माणसे लिहावयास बसली की बहुधा जुन्या आठवणी सांगतात. आम्हांलाही एक आठवणच सांगावयाची आहे. परंतु ती सांगण्याचे कारण एक प्रश्न आहे. तो गेली दहा वर्षे आमची पाठ सोडीत नाही. प्रश्न असा: आपखुशीने कोणाला काही देऊ लागलो, तर ते पुढे चालू ठेवणे हे आपले कर्तव्य होऊन बसते काय? आणि मुळात आपली दया आपण कोणाच्या वाट्याला घालतो, आणि कोणाला तिच्यातून वगळतो?

यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही १९९७ साली कतार देशातील दुखान ह्या गावी गेलो. तेव्हा अलिबागची आमची एक वृद्ध मावशी म्हणाली होती, "अगो, गावाच्या नावातच दुखणे आहे, नर्सबाईंना शोभते खरे!" अरबी भाषेत दुखान म्हणजे धूर. गाव दोह्याच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर, समुद्रकाठी. कतारमधील पहिले तेल येथेच १९३९-४० च्या सुमारास लागले, मग महायुद्धामुळे काम थांबले आणि १९४९ च्या अखेरीस परदेशी तेल जाऊ लागले. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यात घाण्याचे तेल काढीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या वंशजाने जमिनीखालच्या तेलावर पोट भरावे ह्याची यजमानांना गंमत वाटे. ते यंत्रशाळेत होते आणि आम्ही दवाखान्यात. अशी बावीस वर्षे गेली.

दुखान म्हणजे कंपनीने वसविलेले गाव. एका बाजूस उघडा खडक आणि वाळू, दुसऱ्या बाजूस ओळीने बैठी घरे, आणि प्रत्येक घरापुढे हातरुमालाएवढी हिरवी बाग. त्या देशात वर्षाकाठी पाऊस पडतो सरासरी ७५ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या अलिबागेत जुलै महिन्यात एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते. तेव्हा बाग ही तेथे निसर्गाची देणगी नव्हे. यंत्राने आणलेले पाणी आणि माळ्याचे कष्ट ह्यांवरच ती जगते.

पहिल्या ऑक्टोबरात आमच्या लक्षात आले की बागेत कोणीतरी नवीन आले आहे. चिमण्या, होले आणि पांढऱ्या गालाचे बुलबुल बारमाही होतेच. हे वेगळे होते. नळाखालच्या ओल्या जागेत शेपटी खालीवर हलवीत चालणारा पक्षी पाहताच यजमान ओरडले, "अगं, हा तर आपला धोबी!" लहानपणी हिवाळ्यात भाताच्या कापलेल्या शेतांत तो आम्ही पाहिलेला. त्याच्या मागोमाग गळ्यावर निळा पट्टा असलेला निळकंठी कुंपणाखालून दबकत आला. डोक्यावर तुरा मिरविणारा हुदहुद हिरवळीत लांब चोच खुपसून अळ्या काढू लागला. आणि सर्वांत लहान, पाचोळ्याच्या रंगाचा वटवट्या फांदीफांदीतून किडे टिपीत हिंडू लागला. इंग्रजीत त्याच्या आवाजावरून त्याला चिफचॅफ म्हणतात. त्याचे वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखरेएवढे! एवढासा जीव रशियाकडून वा मध्य आशियाकडून रात्रीच्या रात्री उडत येतो. हा किडे खाणारा पक्षी असला तरी फुलांतील मधही चाखतो; प्रवासात त्याच्या कपाळावर फुलांचे पराग चिकटून त्यांची जणू शिंगेच तयार होतात, असे पक्षितज्ज्ञांनी नोंदविले आहे. आमच्या कुंपणावरच्या फुलांत तो डोके घाली तेव्हा गावाकडच्या पांगाऱ्यावर येणारे शिंजीर आम्हांला आठवत.

काही पक्षी हिवाळाभर राहत, काही नुसते टेकून पुढे आफ्रिकेकडे जात. एप्रिल आणि सप्टेंबर महिन्यांत रंगीबेरंगी राघूंचे थवे मंजुळ आवाज करीत गावावरून जात. मार्च संपता संपता वटवटे आणि धोबी नाहीसे होत. दिवस लांबू लागला की पाखरांच्या शरीरात बदल होतो, ती भराभर चरबी साठवितात आणि एका रात्री निघून जातात. निरोप घेण्याची पद्धत त्यांच्यांत नाही.

आम्ही त्यांच्यासाठी मातीचा एक उथळ वाडगा भरून ठेवू लागलो. आधी सहज म्हणून, मग नेमाने. आमच्या ओळीतील बागांचे काम एका माळ्याकडे होते. तो नेपाळच्या तराईतला, वयाने आमच्या धाकट्या भावाएवढा. आम्हांला तो सगळ्यांप्रमाणे सिस्टर म्हणे आणि आम्ही त्याला भाऊ म्हणत असू. धोबी पाहून तोही हसला होता: "सिस्टर, हा आमच्याकडेही हिवाळ्यात येतो." मग वाडगा घासण्याचे काम त्याने आपण होऊनच घेतले. आम्ही रजेवर गेलो की पाणी तोच भरी. असे बरीच वर्षे सुरळीत चालले. आमच्या बागेत पाखरे जास्त येतात असे शेजारी म्हणत आणि आम्हांला बरे वाटे. त्या बरे वाटण्यात थोडा गर्वही होता, हे आज कबूल करतो.

२०१५ साली सणांसाठी आम्ही दोन महिन्यांची रजा घेऊन मुलीकडे गेलो आणि ऑक्टोबरच्या मध्यास परतलो. फाटक उघडले तो वाडगा कोरडा. तळाशी वाळू साठलेली. आणि वाडग्यापासून दोन हातांवर, भिंतीच्या सावलीत एक वटवट्या मरून पडला होता. हातावर घेतला तर त्याचे वजनच लागेना.

आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हे: "भाऊने हयगय केली." दोन महिन्यांचे काम सांगून गेलो, एवढेसे पाणी ह्याच्याने भरवले नाही! यजमान काही बोलले नाहीत. संध्याकाळी पलीकडच्या ओळीतील माळ्याने हकीगत सांगितली. भाऊचे वडील गावी एकाएकी अत्यवस्थ झाले. तिकिटाची सोय त्याने केली. परंतु त्या काळी तेथील कायद्याप्रमाणे परदेशी कामगाराला देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी लागे. त्याच्या ठेकेदाराकडून ती निघावयास नऊ दिवस गेले. तो गावी पोहोचला त्याच्या आदल्या दिवशी वडिलांचे क्रियाकर्म झालेले होते. जाताना तो वाडग्याचे काम दुसऱ्यावर सोपवून गेला होता. त्या दुसऱ्याची चार दिवसांत दुसरीकडे बदली झाली.

एवढेच असते तर आम्ही हळहळून गप्प बसलो असतो. पण त्या माणसाने पुढे सांगितले, "त्याने तुम्हांला फोन केला होता, सिस्टर. तुमच्या ओळखीने साहेबांकडे शब्द टाकता आला असता, असे त्याला वाटत होते." आम्हांला ते फोन आठवले. कतारचा अनोळखी आकडा दोन वेळा दिसला होता. दवाखान्यातून कोणीतरी रजेतही काम सांगत असेल, असे समजून आम्ही तो उचलला नाही आणि उलट फोनही केला नाही.

डिसेंबरात भाऊ परत आला, डोके भादरलेला. आम्ही सांत्वनाचे शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात तोच खाली पाहून म्हणाला, "सिस्टर, पाणी राहून गेले. माफ करा."

वाचकहो, आमच्या नोकरीच्या काळात आम्ही पुष्कळ मरणे पाहिली. परंतु त्या एका वाक्याने आमची जी अवस्था झाली ती सांगता येत नाही. ज्याला आम्ही उत्तर दिले नाही तो आमची क्षमा मागत होता, आणि तीही एका वाडग्याबद्दल.

आता प्रश्नाकडे येतो. पाखराला पाणी पाजणे हे आमचे कर्तव्य होते काय? 

पुष्कळ जण म्हणतील, नाही. वटवट्या आमच्या जन्माच्या आधीपासून त्या वाटेने येत-जात आहे. त्याचा आमच्याशी करार नव्हता. देणे ही मर्जीची गोष्ट; मर्जी संपली की देणे संपले. ह्यात तथ्य आहे. शिवाय तो पक्षी तहानेनेच मेला असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. लांबच्या प्रवासात कितीतरी पाखरे थकून मरतात. वाडगा कोरडा होता आणि पक्षी मेला, ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्हांला प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातच शिकविले होते.

पण आपल्या घरांत वाढलेल्यांना हे उत्तर पुरत नाही. आपल्याकडे नदर बोलला की तो फेडावा लागतो. एलियाहू हन्नाबींच्या नावे मलिद्याचे ताट मांडल्यावाचून आमच्या आजीला चैन पडत नसे, मग घरात अडचण कितीही असो. आणि आपल्या शास्त्रकारांनी तर असेही सांगितले आहे की एखादा चांगला नेम माणसाने तीन वेळा पाळला की तो तोंडाने न बोलताही नवसासारखाच बंधनकारक होतो. सोडावयाचा तर रीतसर सुटका करून घ्यावी लागते. आम्ही तर अठरा हिवाळे वाडगा भरला होता!

ह्याच्या उलट तिसरा पक्ष आहे. तो म्हणतो, मुळात सुरुवातच करू नये. निसर्गाचे निसर्ग पाहील. माणसाची दया पाखरांना बाधतेच. हा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेटवेहून मांडव्याला लाँचने जाताना हिवाळ्यात आपण काय पाहतो? उत्तरेकडून आलेल्या कुरव पक्ष्यांना लोक गाठ्या आणि फरसाण उधळतात. मासे पकडून खाणारा पक्षी, त्याला तळलेले बेसन! टाळ्या आपण वाजवतो आणि पोट त्याचे बिघडते. दादरचा कबुतरखाना मुंबई महापालिकेने २०२५ साली बंद केला, लोक रस्त्यावर आले आणि वाद उच्च न्यायालयात गेला. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती; परंतु कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांना सूज येते, हेही खोटे नाही. तसे रुग्ण दम्याचे म्हणून येतात आणि मूळ कारण कितीतरी दिवसांनी कळते.

इंग्लंडात बागांतून दाणापाणी ठेवण्याची जुनी हौस आहे. तेथे २००५ पासून हिरव्या फिंच पक्ष्यांत घशाच्या रोगाची साथ पसरली. एका सूक्ष्म परजीवीने घसा सुजतो, पक्ष्याला गिळता येत नाही आणि तो उपाशी मरतो. एकाच भांड्यात अनेकांनी चोच घातल्याने रोग पसरतो. त्या पक्ष्यांची तेथील संख्या निम्म्याहून अधिक घटली. म्हणजे दात्याने वाडगा घासला नाही तर तो वाडगाच घात करतो. दुसरे उदाहरण काळ्या टोपीच्या वटवट्याचे. जर्मनी-ऑस्ट्रियाकडील हे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेस स्पेनकडे जात. १९६० नंतर त्यांतील काही उलट दिशेने इंग्लंडात हिवाळा काढू लागले. थंडी सौम्य झाली आणि बागांतून आयते खाणे मिळू लागले, हे त्याचे कारण समजले जाते. पीटर बर्थोल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञाने अशा पक्ष्यांची पिले पिंजऱ्यात वाढवून दाखविले की ही नवी दिशा पिलांच्या रक्तातच उतरली आहे. खिडकीत टांगलेल्या मूठभर दाण्यांनी एका जातीच्या काही पक्ष्यांचा रस्ताच बदलला! ह्याला उपकार म्हणावे की अपकार, हे ठरविणे कठीण आहे.

तेव्हा "देणे मर्जीचे", "देणे नवसाचे" आणि "देऊच नये" अशी तीन उत्तरे आमच्यापुढे होती, आणि तिन्हींत थोडे थोडे खरे होते. त्यांतून वाट दाखविली ती मिश्नाने. मिश्नाच्या शब्बाथ प्रकरणात एक लहानसा नियम आहे. शब्बाथच्या दिवशी कोणत्या प्राण्यांपुढे पाणी ठेवण्याची खटपट करावी? मधमाश्या आणि खुराड्यातील पारवे ह्यांच्यापुढे ठेवू नये. बदके आणि कोंबड्या ह्यांच्यापुढे ठेवावे. कारण मधमाशी आणि पारवा आपले आपण शोधून घेतात. कोंबडी तुम्ही अंगणात ठेवली आहे, तिचे अन्न तुमच्यावर आहे.

हा नियम आम्ही लहानपणी ऐकला होता, पण कोंबड्यांपलीकडे त्याचा विचार केला नव्हता. आता वाटते, त्यात मोठे तत्त्व आहे. कोणाचे अन्न आपल्यावर, हे प्राणी लहान की मोठा, गोड की कुरूप, ह्यावर ठरत नाही. आपल्याला तो आवडतो का, ह्यावरही ठरत नाही. तो आपला आपण जाऊन शोधू शकतो का, एवढेच पाहावयाचे. ज्याची वाट मोकळी, त्याला दिलेले ते दान. ज्याची वाट आपण अडविली, त्याला दिलेले ते देणे. 

हे माप लावले तर वटवट्या कोठे बसतो? वरवर पाहता मधमाशीच्या रांगेत. त्याला पंख आहेत. परंतु कतारमध्ये आमच्या बागांपूर्वीही पाखरे उतरत होती. तेथे जमिनीत जागोजागी सखल भाग आहेत, त्यांना रौदा म्हणतात. हिवाळ्यातील पावसाचे पाणी तेथे जमते आणि बोरीची व बाभळीच्या जातीची झाडे तगून राहतात. माणसाने पंपाने भूजल उपसले, गुरे फार चारली, रस्ते आणि वस्त्या केल्या. तेव्हा पाखराची वाट अगदीच मोकळी राहिली असे म्हणता येत नाही. तेवढ्यापुरते आमच्या वाडग्यातील पाणी दान नव्हते, थोडीशी परतफेड होती. मात्र जे काही करावयाचे ते त्याची वाट मोकळी राहील अशा बेताने. 

रुग्णसेवेत हेच शिकावे लागते. नव्या नर्सला वाटते, रुग्णाला आपल्यावाचून करमत नाही हेच आपल्या सेवेचे यश. त्याला भरवावे, उठवावे, चालवावे. जुनी नर्स त्याच्या हातात चमचा देते आणि शेजारी उभी राहते. तो सांडेल, उशीर लागेल, पण घरी जाईल. आपण लागू नये म्हणून जी सेवा केली, ती खरी सेवा. तोराने पक्ष्याच्या घरट्याविषयी जी आज्ञा दिली आहे, तिचाही मथितार्थ आम्ही असाच घेतो: पिले किंवा अंडी घेतलीत तरी आईला आधी मोकळी सोडा. घेतानासुद्धा वाट अडवू नका.

कुलाब्याकडच्याच एका गोष्टीची येथे आठवण होते. पक्षितज्ज्ञ सालीम अली १९३० साली नोकरी गेल्यामुळे आपल्या किहीमला, म्हणजे आपल्या केहीमकर मंडळींच्या मूळ गावी, येऊन राहिले होते. तेथे सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांसमोर ते तासन्‌तास बसून नोंदी करीत. पक्ष्याला काही न देता, त्याच्याकडून काही न घेता, नुसते लक्ष देऊन त्यांनी त्याच्यासाठी जेवढे केले तेवढे आमच्या वाडग्याने खचित केले नाही. नीट पाहणे हीदेखील सेवाच आहे.

आणि आता तेच माप भाऊला लावा. आम्ही पाखरांना पंख आहेत हे विसरून त्यांची काळजी वाहत होतो, आणि भाऊला पंख नाहीत हे विसरून निर्धास्त होतो. धोबी मार्च महिन्यात कोणालाही न विचारता उडून गेला असता. भाऊला एका कागदासाठी नऊ दिवस थांबावे लागले. ज्याच्या हाती तो कागद होता, त्याच्यावर मिश्नाच्या अर्थाने भाऊचे "अन्न" होते. पण थोडेसे आमच्यावरही होते. त्याने वर्षानुवर्षे आमचा वाडगा भरला होता आणि एकदाच आमच्या दारावर थाप मारली होती. ती थाप आम्ही ऐकली आणि ती कामाची असेल म्हणून दार उघडले नाही. पाखरू काही मागत नाही, म्हणून त्याच्यावर दया करणे सोपे. माणूस मागतो. त्याच्यासाठी साहेबांपुढे उभे राहावे लागते, आपली नोकरी धोक्यात येईल काय असा विचार करावा लागतो. हा फरक आम्ही त्या दिवशी शिकलो, आणि फार उशिरा शिकलो.

त्यानंतर तेथील कायदे बदलले हे सांगितले पाहिजे. २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी ही बाहेर जाण्याच्या परवानगीची अट रद्द झाली, आणि २०२० साली घरकाम करणाऱ्यांसारख्या राहिलेल्या बऱ्याच जणांनाही ती सूट मिळाली. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उन्हातील काम बंद ठेवण्याचा नियम झाला. पूर्वी ही मुदत कमी होती. कायद्याने सगळे होते असे नाही, पण कागदासाठी ताटकळणे कमी झाले असेल तर ते थोडे नव्हे.

आम्ही काय केले, तेही सांगतो. भाऊची आम्ही क्षमा मागितली. तो गोंधळला, सिस्टरने आपली क्षमा मागावी हे त्याला अवघड वाटले. पुढील वर्षापासून त्याच्या पासपोर्टची मुदत, घरचे फोन, पैसे पाठविणे ह्यांत आम्ही लक्ष घालू लागलो, आणि ओळखीच्या चार घरांनाही त्यांच्या त्यांच्या माळ्यांविषयी तसे सांगितले. दोघांनी ऐकले, दोघांनी ऐकले नाही. वाडगा भाऊ व आम्ही मिळून रोज घासून भरीत राहिलो. त्याखेरीज परवानगी घेऊन मागच्या भिंतीशी बोरीचे एक रोप लावले. तेथे तिला सिद्र म्हणतात. ती त्याच मातीतली आहे. एकदा मूळ धरले की थोड्या पाण्यावर जगते. तिच्या फुलांवर माश्या-किडे येतात आणि किड्यांमागे वटवटे येतात. भाऊचीच ती कल्पना. तो म्हणाला, "वाडगा भरायला माणूस लागतो, सिस्टर. झाडाला फार दिवस लागत नाही." २०१९ साली आम्ही दुखान सोडले तेव्हा बोर कमरेच्या वर गेली होती. त्याच वर्षी भाऊही कायमचा गावी परतला.

आता आम्ही अश्दोदला मुलीजवळ राहतो. गॅलरीतील कुंड्यांवर काळानिळा चमकणारा छोटा पक्षी येतो. हिब्रूत त्याला त्सूफीत म्हणतात. तो आपल्या शिंजीराचा भाऊबंद. पूर्वी हा पक्षी ह्या देशाच्या उष्ण खोऱ्यांतच राही. गेल्या शतकात गावोगाव बागा झाल्या, फुलझाडे लागली आणि तो त्यांच्यामागून सर्वत्र पसरला. नात म्हणते, "आजी, त्याच्यासाठी साखरेच्या पाण्याची बाटली टांगू या." आम्ही तिला म्हटले, आधी फुलांची कुंडी आणू. फुले असली की त्याचे तो घेईल, आणि आपण गावाला गेलो तरी त्याचे अडणार नाही. मातीचा वाडगा मात्र ठेवला आहे. तो रोज सकाळी घासण्याचे काम नातीकडे आहे. आणि वाडगा घासताना इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाईंना नावाने "बोकेर तोव" म्हणावयाचे, हीही तिला अट आहे. पहिल्यांदा तिने विचारले, "पाखरांचा आणि बाईंचा संबंध काय?" थोडी मोठी झाली की तिला दुखानची गोष्ट सांगू.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा तेही कोणाच्या तरी अंगणात उतरलेले पाहुणेच होते. कोकणातील माणसांनी त्यांना पाणी दिले आणि त्यांची वाट अडविली नाही. शब्बाथ पाळावयाचा तर पाळा, म्हणाले. म्हणूनच आपण आज आहोत. पुढे आपल्यांतील कित्येक पुन्हा निघाले. कोणी इस्राएलला, कोणी आखातात, कोणी इंग्लंड-अमेरिकेत. पाहुणा होणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. यजमान होणे मात्र आपण अजून शिकतो आहोत.

आमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणाल तर एवढेच हाती लागले आहे: सुरू केलेला नेम जमेल तितका पाळावा, पण त्याहून आधी पाहावे की आपल्या भोवतालच्यांपैकी कोणाची वाट अडलेली आहे, त्याचा वाडगा आधी भरावा. तो वटवट्या आमच्यामुळे मेला की नाही, हे कधीच कळणार नाही. त्या दोन फोनांचे मात्र तसे नाही. ते कोणामुळे वाजून थांबले, हे आम्हांला ठाऊक आहे.

वाचकांपैकी कोणाला असा अनुभव आला असेल, किंवा आमचे माप कोणाला चुकीचे वाटत असेल, तर ह्या मासिकातून अवश्य लिहावे. आम्ही वाट पाहू.